बावीस कोटींची एक संख्या उलगडताना: वही-पेन्सिलवाल्यांसाठी

चौकटीच्या वहीचं कोरं पान काढा आणि वर मधोमध ही संख्या लिहा: २२,६१,५३,९८०. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. पेन्सिल, खोडरबर आणि दोनेक तासांची सवड हवी. कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये राहू द्या, तो शेवटी ताळा बघायला काढू. आठवीपर्यंतचं गणित येत असेल तर पुढचं सगळं तुम्हाला जमेल.

हीच संख्या का, ते आधी सांगतो, कारण ती आपल्या खान्देशच्या जवळची आहे. चाळीसगावहून पाटणादेवीला जाताना गौताळ्याचे डोंगर समोर येतात. तिथल्या पाटण गावात एक जुना शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं १२०७ साली त्या मठाला दान दिलं, असं तो लेख सांगतो. आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या पायथ्याशी गणिताची शाळा चालत होती. पावसाळा सरल्यावर तिथे गेलो की हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्यातल्या ‘बीजगणित’ या भागात ते विचारतात: अशी कोणती संख्या आहे, जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येतो? ६१ च्या शेजाऱ्यांना हाच प्रश्न विचारून बघा. ६० घेतलं तर ४ पुरतो: ६० × १६ + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतलं तर ८ पुरतो: ६२ × ६४ + १ = ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र, शून्य सोडलं तर, सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०. पुढे पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्मानं दुसऱ्या गणितज्ञांना आव्हान म्हणून जे प्रश्न धाडले त्यात नेमका हाच ६१ होता. इकडे त्याचं उत्तर केव्हाच लिहून ठेवलेलं होतं, याची त्याला कल्पना नव्हती.

मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. हंगामात काट्यावर गाड्यांची रांग असताना माझ्या वहीच्या मागच्या पानावर ही संख्या बघून एक हमालदादा म्हणाले होते, “हाऊ इतला मोठा आकडा कोना शे भो?” त्यांना वाटलं कुणाचं येणं आहे. मी म्हटलं, पाटणच्या भास्कराचार्यांचा. ते हसले नाहीत. “मग नीट लिखी ठेव,” म्हणाले.

पायरी पहिली: नीट उतरवून घ्या

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. नऊ अंकी संख्या एका दमात उतरवली की दोन अंकांची अदलाबदल होते आणि पुढचा तासभर वाया जातो. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून खाली आणखी एकदा लिहा: २२६ | १५३ | ९८०. वाचताना आपण कोटी-लाखच म्हणायचं, पण हे तिनाचे गट चौथ्या पायरीला लागणार आहेत.

पायरी दुसरी: शेपटी बघा

शेवटी ० आहे, म्हणजे संख्या सम आहे आणि २, ५, १० या तिघांनी भाग जातो. शेवटचे दोन अंक ८०. १०० ला ४ ने भाग जातो, त्यामुळे ४ च्या कसोटीला शेवटचे दोनच अंक बघावे लागतात. ८० ला ४ ने भाग जातो, तसा संख्येलाही जातो. ८ साठी शेवटचे तीन बघायचे: ९८० ला ८ ने भागलं तर ४ उरतात, म्हणजे ८ नाही. २५ साठी पुन्हा शेवटचे दोन, आणि ८० मध्ये २५ पुरे बसत नाहीत. म्हणजे या संख्येत २ दोनदा येतो आणि ५ एकदाच. शेवटी एकटं शून्य असलेली संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही, तोही प्रश्न इथेच मिटला.

पायरी तिसरी: अंकांची बेरीज

२ + २ + ६ + १ + ५ + ३ + ९ + ८ + ० = ३६. याला ९ ने भाग जातो, तर मूळ संख्येलाही जातो. कारण साधं आहे: १०, १००, १००० यांतल्या कुणालाही ९ ने भागलं की १ च उरतो, म्हणून प्रत्येक अंक आपल्या जागेचं वजन टाकून नुसता अंक म्हणून उरतो.

इथे दोन सूचना. पहिली अशी की ९ ची कसोटी लागली म्हणून २७ साठीही अंकांची बेरीजच वापरायची, असं नसतं. २७ साठी प्रत्यक्ष भागा. संख्येला ९ ने भागलं की २,५१,२८,२२० येतात. त्यांच्या अंकांची बेरीज २२, म्हणजे आता ३ नेही भाग जात नाही. ३ दोनदाच आहे, हे पक्कं.

दुसरी सूचना हिशेबाच्या धंद्यातली. रोजमेळात ८३,४५० आणि खतावणीत ८४,३५० असेल तर फरक ९०० चा, म्हणजे ९ च्या पटीतला. फरक ९ च्या पटीत आला की जुने दिवाणजी लगेच म्हणतात, कुठेतरी दोन अंक उलटे पडलेत, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं. याची दुसरी बाजू अशी की अंक उलटे पडल्याची चूक नुसत्या अंकांच्या बेरजेत कधीच सापडत नाही. आपल्या संख्येतले ३ आणि ९ उलटे लिहून २२,६१,५९,३८० केलेत तरी बेरीज ३६ च राहते. म्हणून पुढची पायरी टाळू नका.

पायरी चौथी: तिनाच्या गटांची वजाबाकी

७ × ११ × १३ = १००१. मला ही फार आवडती गोष्ट आहे, कारण एका झटक्यात तीन कसोट्या होतात. १००१ ला या तिघांनी पुरा भाग जातो, म्हणून १००० हा त्या तिघांच्या लेखी ‘उणे १’ असतो. तेव्हा तिनाचे गट उजवीकडून आळीपाळीनं अधिक-उणे करा:

९८० − १५३ + २२६ = १०५३.

आता नऊ अंकी संख्येऐवजी १०५३ बघायचे. ७ ने भागलं तर ३ उरतात, ११ ने भागलं तर ८ उरतात, आणि १३ × ८१ = १०५३ बरोबर. म्हणजे ७ नाही, ११ नाही, १३ आहे. वर उलटी लिहिलेली संख्या याच चाळणीतून काढा: ३८० − १५९ + २२६ = ४४७, आणि ४४७ ला १३ ने भागलं तर ५ उरतात. चूक पकडली गेली.

पायरी पाचवी: आता खरंच भागा

सापडलेले अवयव एकेक करून बाहेर काढा. ४ ने भागल्यावर ५,६५,३८,४९५. त्याला ९ ने भागल्यावर ६२,८२,०५५. त्याला ५ ने भागल्यावर १२,५६,४११. त्याला १३ ने भागल्यावर ९६,६४७.

इथवर उतार होता, आता चढ लागतो. ९६,६४७ ला २, ३, ५, ७, ११ यांनी भाग जात नाही हे वरच्या कसोट्यांवरून ठरलंय. १३ ने पुन्हा भागलं तर ५ उरतात. मग १७ पासून पुढची एकेक मूळ संख्या घेऊन भागायचं. कुठवर? ३१० चा वर्ग ९६,१०० आणि ३११ चा ९६,७२१. संख्या फुटणार असेल तर तिचा निदान एक अवयव ३१० च्या आत असलाच पाहिजे, कारण दोन्ही त्याहून मोठे असते तर गुणाकार ९६,६४७ च्या पुढे गेला असता. म्हणून ३१० ही आपली शीव.

ही शीव न पाळल्यानं मी एकदा चुकलो आहे. पहिल्यांदा हे केलं तेव्हा १७, १९, २३ करत ९७ पर्यंत आलो. २३ ने भागताना तर २३ × ४२०२ = ९६,६४६ येऊन एकच उरला. शंभरी गाठली, हाती काही लागलं नाही, आणि मी ९६,६४७ च्या पुढे ‘मूळ’ लिहून वही मिटली. कितीतरी महिने ते तसंच होतं. दिवाळीच्या सुट्टीत आठवीतली भाची घरी आली, तिनं ते पान बघितलं आणि विचारलं, “मामा, तुम्ही शंभरावरच का थांबले? मूळ संख्या तर पुढे पण असतात.” मग ती ओट्यावर बसली आणि १०१ पासून भागू लागली. १०१, १०३, १०७, १०९, ११३. प्रत्येक भागाकार नीट मांडून, बाकीभोवती गोल करून. ११३ पाशी बाकी ३२ आली. मग १२७: सात सत्ते एकोणपन्नास करत ती खाली आली आणि शेवटी शून्य उरलं. ते शून्य तिनं दोनदा गिरवलं. ९६,६४७ = १२७ × ७६१.

१७ पासून मोजलं तर १२७ ही पंचविसावी मूळ संख्या. चोवीस वेळा बाकी उरते आणि पंचविसाव्या वेळी उरत नाही. या चोविसांना फुकटची मेहनत समजू नका. आता ७६१ मूळ आहे का, हे बघायला वेगळं काही करावं लागत नाही. ७६१ ला एखाद्या लहान मूळ संख्येनं भाग गेला असता तर तो ९६,६४७ लाही गेला असता, आणि १२७ च्या खालच्या साऱ्या मूळ संख्या आपण तपासून बसलोय. २८ चा वर्ग ७८४ म्हणजे ७६१ च्याही पुढे, तेव्हा ७६१ मूळच. १२७ चंही तसंच.

पायरी सहावी: एक ओळ

पानाच्या मधोमध चौकट करून लिहा:

२२,६१,५३,९८० = २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१

आणि उलटा गुणाकार करून ताळा बघा. ३६ × ५ = १८०; १८० × १३ = २३४०; २३४० × १२७ = २,९७,१८०; त्याला ७६१ ने गुणलं की मूळ संख्या परत येते. ताळा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखादी संख्या अमुक प्रकारची आहे, तमुक प्रकारची नाही, असं लोक मोठ्या यादीनं सांगतात. नवख्याला ती यादी पाठ करायची धास्ती वाटते. पाठ करायचं काही नाही, यादीतलं बहुतेक सगळं या एका ओळीतून निघतं.

पायरी सातवी: ओळीतून काय काय निघतं

आधी विभाजक मोजा. या संख्येला पुरा भाग देणारी प्रत्येक संख्या याच अवयवांतून बनते. २ एकदाही घ्यायचा नाही, एकदा घ्यायचा किंवा दोनदा, म्हणजे तीन तऱ्हा. ३ च्याही तीन. ५, १३, १२७, ७६१ यांच्या प्रत्येकी दोन. ३ × ३ × २ × २ × २ × २ = १४४ विभाजक.

त्यांची बेरीजही एकेक न लिहिता येते. प्रत्येक मूळ अवयवाचा कंस करा: (१ + २ + ४), (१ + ३ + ९), (१ + ५), (१ + १३), (१ + १२७), (१ + ७६१). म्हणजे ७ × १३ × ६ × १४ × १२८ × ७६२ = ७४,५५,६५,१८४. यातून संख्या स्वतः वजा केली तर ५१,९४,११,२०४ उरतात, म्हणजे संख्येच्या दुपटीहूनही जास्त. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा मोठी आली की ती विपुल संख्या, कमी आली की न्यून, आणि बरोबर तेवढीच आली की परिपूर्ण, जशी २८ (१ + २ + ४ + ७ + १४). नुसतं विपुल आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल तर गुणाकाराचीही गरज नाही: १२ ही विपुल आहे (१ + २ + ३ + ४ + ६ = १६), आणि विपुल संख्येची कोणतीही पट विपुलच असते. आपल्या संख्येला १२ ने भाग जातो, विषय संपला.

ही हर्षद संख्याही आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं. डहाणूला जन्मलेले आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवत आयुष्य काढलेले कापरेकर गुरुजी. ६१७४ या संख्येमुळे ते जगभर ओळखले जातात, पण ‘हर्षद’ हे नाव मला त्याहून मोलाचं वाटतं, संख्येमुळे आनंद होतो हे त्यांनी नावातच सांगितलं. आपल्या अंकांची बेरीज ३६, आणि ३६ ने भागल्यावर आलेले ६२,८२,०५५ पाचव्या पायरीत तुम्ही लिहिलेलेच आहेत.

संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या, म्हणजे सहमूळ, संख्या किती? ऑयलरच्या रीतीनं २ × ६ × ४ × १२ × १२६ × ७६० = ५,५१,५७,७६०. दोन आणि तीन दोनदा आहेत म्हणून त्यांच्याकडून ४ − २ = २ आणि ९ − ३ = ६ आले; बाकीच्यांतून एकेक कमी केला.

पायरी आठवी: वर्गांत फोडून बघा

माझ्या मते या संख्येची सगळ्यात देखणी बाजू ही आहे, इथे घाई करू नका.

प्रश्न असा: ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नाहीतर तीन वर्गांची? कोणत्याही वर्गाला ८ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ च उरते. १, ४, ९, १६, २५, ३६ वर स्वतः करून बघा. अशा तीन बाक्या कशाही मिळवल्या तरी ७ होत नाहीत. म्हणून ८ ने भागून ७ उरणारी संख्या तीन वर्गांत कधीच बसत नाही.

आपल्या संख्येला ४ ने भाग जातो. वर्गाला ४ ने भागलं की ० किंवा १ उरतो, त्यामुळे तीन वर्गांच्या बेरजेला ४ ने भाग जायचा असेल तर तिघेही समच असले पाहिजेत. मग सगळ्यांना अर्धं करता येतं, आणि प्रश्न ५,६५,३८,४९५ वर येतो. याचे शेवटचे तीन अंक ४९५, आणि ४९५ = ८ × ६१ + ७. (इथे ६१ पुन्हा डोकावला तो निव्वळ योगायोग, आणि संख्येच्या लाखांच्या जागी तोच बसलाय हाही.) बाकी ७. म्हणजे २२,६१,५३,९८० ही तीन वर्गांची बेरीज नाही. ० हाही वर्गच, तेव्हा दोन वर्गांचीही नाही. वर लिहिलेल्या ओळीत बघितलं तरी दोन वर्गांचं उत्तर मिळालं असतं: ४ ने भागून ३ उरणारी मूळ संख्या सम वेळा यावी लागते, आणि १२७ एकटाच आहे.

चार वर्ग मात्र हमखास पुरतात. प्रत्येक पूर्ण संख्या चार वर्गांत बसते हे लाग्रांजनं १७७० मध्ये सिद्ध केलं. ते चार शोधूया. ५,६५,३८,४९५ च्या आतला सगळ्यात मोठा वर्ग ७५१९ चा, ५,६५,३५,३६१. उरले ३१३४. त्यात ५५ चा वर्ग ३०२५ बसतो, उरले १०९, म्हणजे १०० आणि ९. म्हणून ७५१९, ५५, १०, ३. आता चौघांची दुप्पट करा:

१५०३८ चा वर्ग + ११० चा वर्ग + २० चा वर्ग + ६ चा वर्ग = २२,६१,४१,४४४ + १२,१०० + ४०० + ३६ = २२,६१,५३,९८०.

दर वेळी सगळ्यात मोठा वर्ग उचलून काम असं सरळ होतंच असं नाही, पण इथे झालं.

पायरी नववी: अवयव आले कुठून

भास्कराचार्यांनी ही संख्या चाचपडत शोधलेली नाही. त्यांची रीत चक्रवाल. शब्द त्यांचेच वापरू: ६१ ही प्रकृती, ज्याचा वर्ग ६१ ने गुणायचा तो कनिष्ठ, उत्तरात ज्याचा वर्ग यायला हवा तो ज्येष्ठ, आणि मधला फरक तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे.

कनिष्ठ १ घेऊन सुरुवात करा. ६१ × १ = ६१, जवळचा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता अशी संख्या निवडा की ती अधिक ८ याला ३ ने भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. १, ४, ७, १० यांतला ७ बसतो. नवा कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५. नवा ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. ताळा: ६१ × २५ = १५२५, ३९ चा वर्ग १५२१, फरक उणे ४. बरोबर.

क्षेप −४ आला की चक्र पुढे फिरवत बसायला नको. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली सांगितलेल्या भावनेनं, म्हणजे दोन उत्तरं एकमेकांत गुंफून तिसरं काढायच्या रीतीनं, उडी मारता येते. तिथून कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप −१ मिळतो. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. ६१ गुणिले ३८०५ चा वर्ग ८८,३१,५९,५२५. एकाचाच फरक. या जोडीची तिच्याशीच भावना केली की नवा कनिष्ठ येतो २ × ३८०५ × २९,७१८. हीच आपली संख्या.

आता पाचव्या पायरीकडे वळून बघा. ३८०५ = ५ × ७६१. २९,७१८ = २ × ३ × ३ × १३ × १२७. चोवीस बाक्या सोसून भाचीनं ज्या दोन मूळ संख्या वेगळ्या केल्या, त्या मुळात वेगवेगळ्या घरांतून आल्या होत्या. मी तिला हे दाखवलं तेव्हा ती बराच वेळ दोन्ही पानं शेजारी धरून बसली होती.

पायरी दहावी: जोडीदार

ज्येष्ठ उत्तर काढायला वरचे दोन वर्ग नुसते मिळवायचे: ८८,३१,५९,५२४ + ८८,३१,५९,५२५ = १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. सतरा आणि एकोणीस अंकी वर्ग न करताही जोडी तपासता येते, बाक्या पुरतात.

तिनाचे गट: ४९ − ३१९ + ७६६ − १ = ४९५. ११ ने भाग जातो, तेव्हा ज्येष्ठाच्या वर्गाची ११ ची बाकी ०. कनिष्ठाची ११ ची बाकी ८ होती, तिचा वर्ग ६४; ६१ ची बाकी ६; ६ × ६४ + १ = ३८५ = ११ × ३५. जुळलं. ७ ने: ज्येष्ठाची बाकी ५, वर्ग २५, बाकी ४; कनिष्ठाची बाकी ३, ६१ × ९ + १ = ५५०, बाकी ४. जुळलं. ९ आणि १३ ने कनिष्ठाला पुरा भाग जातो, म्हणून ज्येष्ठाच्या वर्गाची बाकी दोन्हीकडे १ यायला हवी. ती येते का ते तुम्ही बघा.

या जोडीदाराचा स्वभाव अगदी वेगळा: ११ × ५९ × १५२३ × १७८७. विषम, एकही अवयव दोनदा नाही, विभाजक फक्त सोळा, आणि न्यून. दोघांत सामाईक अवयव एकही नाही, आणि तो असूही शकत नाही. असता तर ज्येष्ठाच्या वर्गातून ६१ पट कनिष्ठाचा वर्ग वजा करून उरणाऱ्या १ लाही त्यानं भाग गेला असता.

आता ड्रॉवरमधला कॅल्क्युलेटर काढून हवे ते गुणाकार तपासा. आणि हात बसला असेल तर पुढच्या पानावर एक धाकटी जोडी घ्या. भास्कराचार्यांनी त्याच श्लोकात ६१ बरोबर ६७ ही विचारला आहे. त्याचा कनिष्ठ ५९६७ आणि ज्येष्ठ ४८,८४२. ५९६७ च्या अंकांची बेरीज २७ आहे. २७ ने भागून बघा. जे येईल त्याचा वर्ग करा, त्यात १ मिळवा, आणि मग ज्येष्ठाकडे बघा.